आंतरपाटाचं एक टोक

माझी भाची लहान असताना लग्न-लग्न खेळायची. अंबरनाथच्या बुवापाड्यातली आमची खोली ती केवढी, पण तिच्यात मांडव बसायचा. माझा पंचा म्हणजे आंतरपाट, भिंतीला टेकवलेली उशी म्हणजे नवरा, आणि मामा म्हणजे मी. तिच्या दोन्ही दंडांना धरून मी तिला गॅसच्या ओट्यापासून दारापर्यंत चालवत आणायचो आणि मंगलाष्टकं संपेपर्यंत तिच्यामागे उभा राहायचो. मंगलाष्टकं म्हणजे शाळेतली प्रार्थना. तिला तेवढीच पाठ होती. ताई पोळ्या लाटता लाटता हसायची. म्हणायची, "नीट शिकून ठेव रे. हिला बोहल्यावर तुलाच आणायचंय."

मुलीला बोहल्यावर मामा आणतो, आंतरपाट धरला की तिच्या पाठीशी मामा उभा राहतो. आमच्या लोकांत मामाला मान असा तेवढाच, पण तो बापालाही मिळत नाही. ताई ते सहज बोलली असेल. मी मात्र ते धरून बसलो.

ताईकडे आलो तेव्हा माझी आठवी अर्धी राहिली होती. आमचं गाव परभणीकडचं. वडील गेले, आणि चुलत्यांनी ठरवलं की हा शिकून काय दिवे लावणार, याला अंबरनाथला पोरीकडे पाठवा, तिथं कंपन्या आहेत. ताई ही त्या चुलत्यांचीच मुलगी. दाजी मोरिवलीच्या बाजूला एका कारखान्यात होते. पहिल्या दिवशी घरात पाट एकच होता, तो दाजींनी मला दिला आणि स्वतः फरशीवर बसून जेवले. हे मी अजून विसरलेलो नाही, आणि पुढे जे लिहिणार आहे ते लिहितानाही विसरणार नाही.

पण धाकधूक गेली नाही. आंघोळीला मी सगळ्यांच्या आधी उठायचो, म्हणजे पाणी मी संपवलं असं व्हायला नको. चपला दाराबाहेर अगदी कडेला काढायचो. भाजी दुसऱ्यांदा कधी मागितली नाही. ताई ओरडायची, "मेल्या, पाहुणा आहेस का?" तिचं ते ओरडणं मला गोड लागायचं.

भाची झाली आणि माझं त्या घरात काहीतरी पक्कं झालं. दाजींची पाळीची ड्यूटी, ताईचं घरी शिलाईचं काम. पोरीला बालवाडीत न्यायला मी, लस टोचायला न्यायला मी. पुढे मी उल्हासनगरला फर्निचरच्या दुकानात पॉलिशच्या कामाला लागलो, पण शाळेच्या मिटिंगा माझ्याकडेच राहिल्या. पहिल्यांदा गेलो तेव्हा बाईंनी चष्म्यावरून बघत विचारलं, "तुम्ही कोण?" नखांत पॉलिश, शर्टावर डाग. म्हटलं, "मामा." बाई म्हणाल्या, "बरं झालं, मामा तरी येतात." त्या दिवशी मी घरी जिलेबी घेऊन गेलो. कशाची म्हणून ताईने विचारलं, तर सांगता आलं नाही.

ताईला सख्खा भाऊही होता. आम्ही सगळे त्याला दादा म्हणायचो. शिकलेला, सरकारी नोकरीत, मोठ्या हुद्द्यावर. जमिनीवरचा हक्क ताईने सही करून सोडावा असं त्याचं म्हणणं होतं. ताईने सही दिली नाही आणि दादाने बोलणं टाकलं. भाची जेमतेम चालायला लागली होती तेव्हाची ही गोष्ट. तेव्हापासून भाऊबीजेला ताई मलाच ओवाळायची. चुलत हा शब्द त्या घरात कधी कोणी काढला नाही.

भाची पदवीनंतर बँकेच्या परीक्षेच्या मागे लागली. बदलापूरला स्टेशनजवळ क्लास होता. तिथले सर इंग्रजी शब्द मुळापासून शिकवायचे. म्हणायचे, इंग्रजी हे भाड्याचं घर आहे, मालक लॅटिन. रविवारी सकाळी ती पुस्तक माझ्या हातात द्यायची आणि मी एकेक शब्द विचारायचो. आठवी अर्धी सोडलेला मास्तर आणि बी. कॉम. विद्यार्थिनी.

"पेटर?"

"बाप. त्याच्यावरून पॅटर्नल. मेटर म्हणजे आई, मॅटर्नल. फ्रेटर म्हणजे भाऊ, फ्रॅटर्निटी. सर म्हणाले, संस्कृतात पितर, मातर, भ्रातर बघा. सगळे एकाच घरातले आहेत."

"नेपोस?"

"नातू. भाचा-पुतण्यासुद्धा. त्याचंच नेफ्यू झालं. आणि मामा, ऐक ना, त्याच्यावरूनच नेपोटिझम. पूर्वी त्यांच्या मोठ्या धर्मगुरूंना लग्न करता यायचं नाही, म्हणून ते भाच्या-पुतण्यांना मोठमोठ्या जागांवर चिकटवायचे."

"मग मी काय करू?"

"मला चिकटव ना कुठेतरी. पॉलिशच्या दुकानात."

दाजी पेपरमागून म्हणाले, "त्याला कोणी चिकटवलं, ते विचार आधी."

सगळ्यात मजा आली ती काका-मामांची. लॅटिनमध्ये म्हणे आपल्यासारखंच होतं, चौघांना चार शब्द. काका पॅट्रुअस, मामा अव्हुंक्युलस, आत्या अमिता, मावशी माटर्टेरा. इंग्रजीपर्यंत पोचता पोचता त्यातले दोन गळाले. मामाच्या शब्दाचं अंकल झालं आणि आत्याच्या शब्दाचं आंट.

"म्हणजे काका आणि मावशी गेले?" ताईने विचारलं.

"गेले. आता इंग्रजीत काकालाही मामाच म्हणतात. त्यांना माहीत नाही एवढंच."

दाजींनी पेपर खाली ठेवला. "म्हणजे माझ्या भावाला जागाच नाही? उद्या सांगतो त्याला."

"पप्पा, लॅटिनमधला काका तसाही खडूस असायचा. सारखा ओरडणारा. मामा प्रेमळ. म्हणून तर अव्हंक्युलर हा शब्द आहे, मामासारखा मायाळू. आणि अव्हुंक्युलस म्हणजे खरं तर छोटा आजोबा." मग माझ्याकडे बघून, "केस बघ तुझे, छोटे आजोबा."

मला गावाकडचे चुलते आठवले, आणि लॅटिन लोकांबद्दल एकदम आपुलकी वाटली.

अ‍ॅफिलिएट हाही शब्द त्याच सकाळचा. फिलियस म्हणजे मुलगा. अ‍ॅफिलिएट म्हणजे मुलगा म्हणून घेणं. तिचं कॉलेज विद्यापीठाला अ‍ॅफिलिएटेड होतं, म्हणजे दत्तक गेलेलं. मी हसत म्हटलं, "मग मीपण या घराला अ‍ॅफिलिएटेड." ताई लाटणं उगारून म्हणाली, "गप बस. तू घरचा आहेस."

मला कुठे थांबावं ते कळत नाही. मी पुस्तकात बघत, जसं काही तिथेच छापलंय असं दाखवत विचारलं, "आणि चुलतभाऊ?"

ताईचा हात पोळपाटावर थांबला. तेवढाच. दाजींनी पेपर परत वर घेतला.

"पॅट्रुएलिस असं काहीतरी," भाची म्हणाली. "पण ते परीक्षेला येत नाही. इंग्रजीत सगळे कझिन. चुलत, मामे, आते, मावस, सगळे एकाच पिशवीत." मग तिने पुस्तक माझ्याकडून काढून घेतलं. "पुढे चल, मामा."

मी तेव्हा इंग्रजीला हसलो होतो. एवढी मोठी भाषा, आणि माणूस कुणाकडून कुणाचा, हे सांगायची सोय नाही.

ती परीक्षा पास झाली. बदलापूरच्याच एका शाखेत लागली. बदलापूरमधल्याच एका मुलाशी जमलं, घरच्यांना पसंत पडलं. ताई-दाजी आमंत्रण द्यायला गावी गेले. परत आली ती ताई वेगळीच होती. अंगावर जाड काठाची नवी साडी, माहेरची. जमिनीच्या कागदावर सही करून आली होती. म्हणाली, "दादा येणार आहे रे. वहिनी, मुलं, सगळी येणार आहेत." बोलता बोलता तिला रडू आलं. मीही डोळे पुसले. खोटं नाही. माहेर तुटलेली बाई सणासुदीला कशी घरभर फिरते, हे मी त्या खोलीत वर्षानुवर्षं बघितलं होतं. मला आनंदच झाला. दादा येणार म्हणजे दादा कुठेतरी उभा राहणार, हे माझ्या डोक्यात आलंच नाही.

मामाची पिवळी साडी घ्यायला मी उल्हासनगरच्या कापड बाजारात गेलो. सिंधी शेठ गादीवर बसले होते. म्हटलं, भांजी की शादी है, मामा की तरफ से चाहिए.

"मामा आप हो? अरे बैठो साईं, बैठो. चाय मँगाओ रे. हमारे में भी मामो ही बोलते हैं. मामे को हल्का माल नहीं देते."

मी उत्साहात त्यांना सांगून टाकलं की इंग्रजीतला अंकल मुळात मामाच आहे.

"सच्ची? फिर मैं किसका मामा हूँ? सुबह से लड़कियाँ अंकल-अंकल करके मेरा रेट तोड़ रही हैं."

दुकानातली पोरं हसली. मी साडी पोटाशी धरून रिक्षात बसलो. हळदीसारखी पिवळी होती, हिरव्या काठाची. ताईने ती उलगडून गालाला लावली. "सुंदर आहे रे," म्हणाली. तेव्हाही तिने दादाचं काही काढलं नाही.

लग्न बदलापूरला एका हॉलमध्ये होतं. सकाळपासून मी धावत होतो. पाण्याचे जार, गुरुजींची सामग्री, वरपक्षाचा नाश्ता. नवा सदरा घातला होता, तो पाठीला चिकटला. फेटेवाला खुर्चीत माणसं बसवून भराभर फेटे बांधत होता. केशरी फेटे सगळ्यांना, आणि मुलीच्या मामाला जरीचा, असं आधीच ठरलेलं. माझी पाळी आली. बसलो, मान ताठ केली.

त्याने केशरी कापड उचललं.

"मामांचा जरीचा ना?" मी म्हटलं.

"मुलीच्या मामांचा झाला की बांधून मघाशीच," तो म्हणाला. "तुम्ही कोण?"

मला आधी वाटलं, चूक झाली, दुसऱ्याच कुणाला बांधला. मग हॉलच्या दारात दादा दिसला. वरपक्षाचं स्वागत करत होता. जरीचा फेटा त्याला शोभत होता. उंच आहे तो.

मी वधूच्या खोलीत गेलो. ताई फुलांच्या वेणीचा गुंता सोडवत होती. भाची आरशासमोर बसलेली, मुंडावळ्या बांधलेल्या, अंगावर माझी पिवळी साडी.

"ताई, तो फेटेवाला बघ काय म्हणतोय."

ताईने वर बघितलं नाही. "अरे हो. तुला सांगायचं राहूनच गेलं. दादा उभा राहतोय."

"कुठे?"

"कुठे म्हणजे? हिच्या मागे. एवढ्या वर्षांनी आलाय तो. सख्खा मामा आहे. त्याला काय सांगू, खाली बस म्हणून?"

मी साडीकडे बघत होतो. ताईच्या ते लक्षात आलं. "साडी तुझीच नेसलीय ना ती?" असं म्हणाली, जशी काही वाटणी झाली होती आणि मला माझा वाटा पोचला होता.

"तू घरचा आहेस," ती पुढे म्हणाली. "तू समजून घेशील म्हणून तर..."

तेवढ्यात वरपक्षाची एक बाई आत आली, ओटीचं सामान घेऊन. माझ्याकडे बघून तिने हसून विचारलं, "हे कोण?"

"हा माझा चुलतभाऊ," ताई म्हणाली.

ती खोटं बोलली नव्हती. तिने खोटं काही सांगितलं असतं तर मी भांडलो असतो.

बाई गेल्यावर भाचीने आरशातूनच माझ्याकडे बघितलं. "मामा, रागावू नकोस ना. आईला किती बरं वाटतंय बघ. तू आंतरपाट धर. एका बाजूला गुरुजी, एका बाजूला तू. मी सांगितलंय त्यांना."

सांगितलंय. म्हणजे तिला माहीत होतं. फेटेवाल्याला माहीत होतं, गुरुजींना माहीत होतं. जिलेबी कशाची, हे ज्याला सांगता आलं नव्हतं, त्यालाच फक्त माहीत नव्हतं. कधी ठरलं, मी विचारलं नाही. विचारलं असतं तर कदाचित साडी गालाला लावण्याच्या आधीचा दिवस निघाला असता.

गुरुजींनी पुकारा केला, "मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं." दादा तिला घेऊन आला. दंडांना धरायचं असतं हे त्याला कुणी सांगितलं नसावं. तो तिच्या शेजारून चालत आला, साहेब चालतात तसा. मी आंतरपाटाचं माझ्या बाजूचं टोक दोन्ही हातांनी वर धरलं. त्या जागेवरून दोन्ही बाजू दिसतात. एकीकडे नवरा, त्याच्यामागे त्याचा मामा. दुसरीकडे माझी भाची, आणि तिच्यामागे दादा, पोटावर हात बांधून, फोटोवाल्याकडे बघत.

मंगलाष्टकं चालू झाली. तिसऱ्या की चौथ्या कडव्याला तिच्या खांद्यावरची पिन सुटली. पदर घसरायला लागला. तिच्या हातात हार होता. ती पुढे बघतच हळूच म्हणाली, "मामा, पदर."

आम्ही दोघांनी बघितलं. दादा वाकून म्हणाला, "काय?" माझे हात वर होते, कापड सोडता येत नव्हतं. ती मग कोपराने पदर दाबून धरून तशीच उभी राहिली, शुभमंगल सावधान होईपर्यंत. मग अक्षता पडल्या, गुरुजींनी कापड खेचलं, आणि माझं टोक माझ्या हातातून निघून गेलं.

नंतर फोटोवाला ओरडत होता, "सिर्फ फॅमिली, सिर्फ फॅमिली!" मी पायरीवर अडखळलो. क्लासच्या सरांचं आणखी एक भाचीने कधी सांगितलेलं आठवलं, की लॅटिनमध्ये फॅमिलिया म्हणजे घरातले नोकरचाकर धरून सगळं घर. मग चढलो. कडेला उभा राहिलो. भाचीने नवऱ्याच्या ऑफिसच्या मित्रांना ओळख करून दिली, "माय अंकल्स." दादाकडे हात, मग माझ्याकडे हात. एकाच शब्दात दोघं बसलो. ज्या शब्दात एकेकाळी फक्त मामा मावत होता, त्यात आता दुकानदार, वॉचमन, रिक्षावाला, सगळे मावतात, मीही मावलो. मी हसलो. पूर्वी ज्या भाषेला कोण कुणाचा ते सांगता येत नाही म्हणून नावं ठेवली होती, तिने त्या दिवशी मला निदान चुलत तरी म्हटलं नाही.

दोन महिन्यांत मी वांगणीला खोली घेतली. सांगितलं की तिथे स्वस्त आहे. ताई रडली. ते रडणं खरं होतं. डबा, लोणचं, दोन गोधड्या, सगळं बांधून दिलं. दाजी रिक्षापर्यंत आले आणि माझी पिशवी उचलून आत ठेवली. मला नीट रागावता येत नाही. राग आला की तो पाट आठवतो. मग वाटतं, ज्यांनी जमिनीवर बसून मला पाटावर बसवलं, त्यांना एक दिवस पाट दुसऱ्याला द्यावासा वाटला, एवढंच झालं. असं वाटतं, आणि तरी सकाळी दाढी करताना तो जरीचा फेटा आरशात येतो.

गेल्या महिन्यात भाचीने बदलापूरला जेवायला बोलावलं. नवरा चांगला आहे, त्याने माझ्या चपला उचलून आत ठेवल्या. त्याचा एक मित्र आला होता. ताटं मांडली. आमटीचा वास ताईच्या हाताचाच. मित्राने माझ्याकडे बघून अदबीने विचारलं, "आणि आपण?"

भाची वाढत होती. ती म्हणाली, "हे माझे..."

"चुलत मामा," मी म्हटलं.

तिच्या आधी म्हटलं. दुसऱ्या कुणाच्या तोंडून तो शब्द परत ऐकायची माझी तयारी नव्हती. मित्राने मान डोलावली, त्याला काय त्याचं. पण भाचीच्या हातातला भाताचा चमचा माझ्या ताटावर तसाच थांबला, तिच्या आईचा हात पोळपाटावर थांबला होता तसा. ती माझ्याकडे बघत राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं ते मी बघितलं. मला बरं वाटलं, आणि लगेच वाईटही वाटलं.

"वाढ गं," मी म्हटलं. "भूक लागलीय."

तिने वाढलं. मी दुसऱ्यांदा मागितलं नाही.